वहीचा कागद : बडोद्याच्या विद्याव्यवहारातील एक उपेक्षित प्रकरण

जुन्या दप्तरांचा अभ्यास करणारे आमचे संशोधक पत्राचा लेखक कोण, तिथी कोणती, मायना कसा, शिक्का खरा की बनावट, या प्रश्नांचा कीस काढतात; परंतु ते पत्र ज्या कागदावर उतरले त्या कागदाविषयी बहुधा एका ओळीपलीकडे लिहीत नाहीत. वहीच्या वाट्याला तर ती एक ओळही येत नाही. ग्रंथाचा इतिहास लिहिला जातो, मुद्रणाचा लिहिला जातो. पण ग्रंथ होण्यापूर्वी विचार ज्या शिवलेल्या कोऱ्या पानांवर राहत होता, त्या पानांची कोणी दखल घेत नाही. आम्ही येथे बडोद्यापुरता, आणि त्यातही विशेषतः एका प्रश्नापुरता, हा विषय मांडू इच्छितो. तो प्रश्न असा : अक्षर आणि आकृती या दोहोंना सारख्याच मानाने वागविणारी वही कोणती, आणि तशी वही आमच्या विद्यार्थ्याच्या हाती केव्हा आली?

बडोदेच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सयाजीगंजाच्या परिसरातच सापडते. रेल्वेचे स्थानक, बडोदे महाविद्यालयाची रॉबर्ट चिझम याने विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर कल्पिलेली घुमटाची इमारत, १८७९ मध्ये घातलेली सयाजीबाग, तिच्यातील १८९४ चे संग्रहालय, आणि पुढे १९५० मध्ये सुरू झालेली ललितकलांची विद्याशाखा, हे सारे चालत फिरता येईल एवढ्या टापूत आहे. लेखणी धरणारा विद्यार्थी आणि कुंचला किंवा कंपास धरणारा विद्यार्थी एकाच रस्त्याने जावेत, आणि वही घ्यावयास कदाचित एकाच दुकानी थांबावेत, अशी वस्ती मराठी माणसाच्या वहिवाटीत फारशी नाही.

परंतु बडोद्याकडे वळण्यापूर्वी देशी कागदाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात कागद होत असे तो जुन्नर, एरंडोल आणि दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरील कागजीपुरा अशा ठिकाणी. गुजरातेत अहमदाबादचा कागद नावाजलेला होता. जुने दोरखंड, ताग, चिंध्या कुटून त्यांचा लगदा करावयाचा. तो चुन्याच्या व सज्जीखाराच्या पाण्यात पुनःपुन्हा धुऊन घ्यावयाचा. गवताच्या काड्यांच्या साच्यावर तो उचलून ताव काढावयाचा. वाळलेल्या तावाला तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यावयाची. आणि शेवटी अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने तो घोटावयाचा. घोटल्यावर कागदाला अशी काही झिलई येई की बोरूची तिरकी टाक त्यावरून अडखळल्याशिवाय धावत जावी. मोडी लिपीचा वेग आपण वाखाणतो. हात न उचलता ओळीच्या ओळी लिहिणाऱ्या त्या कारकुनाच्या कौशल्यात घोटणाऱ्या कागद्याचाही वाटा होता, हे आपल्या ध्यानात येत नाही. शाई काजळाची, डिंकात खललेली. ती कागदात मुरत नसे, त्याच्या पाठीवर बसून राही. ओल्या बोळ्याने पुसताही येई. चुकलेला अंक दुरुस्त करणाऱ्याची त्यामुळे सोय होत असे, आणि खोटा दस्तऐवज करणाराचीही.

बांधणीही त्या कामास साजेशी असे. आमच्याकडे सुटे बंद रुमालात बांधून ठेवण्याची रीत अधिक. गुजराती पेढ्यांवर मात्र लाल कापडाच्या वेष्टनातील, दोऱ्याने शिवलेला लांबट चोपडा. दिवाळीस ज्याची पूजा होते तो हाच. त्याच्या पानांवर रेघा नसत. पान उभे घडी घालून त्याच्या सळा पाडीत, आणि त्या सळांच्या आधाराने जमा व नावे यांचे रकाने सांभाळले जात. शिवण दोऱ्याची असल्याने चोपडा उघडला की सपाट पडे व डाव्या हाताने दाबून धरावा लागत नसे. बडोद्याच्या मराठी सरदार-दरकदारांनी आणि कारकुनांनी हा चोपडा रोज पाहिला असणार, कारण राज्य गायकवाडांचे असले तरी बाजार गुजराती होता.

हा सगळा थाट अक्षराचा होता. आकृतीची गरज निराळी. घोटीव कागदावर शिसपेन्सिल धरली तर ती घसरते. रेघ फिकी व चकचकीत उमटते, आणि छायेसाठी हात फिरविला तर शिसे बसतच नाही. पेन्सिलीला कागदात सूक्ष्म असा रवा लागतो, ज्याच्या कडांवर ती झिजेल. उलट तो रवा फार मोठा असला तर टाकाचे टोक त्यात अडकते, तंतू उपटते आणि शाई फुटते. जलरंगाला तिसरेच हवे : पाणी पडले तरी पृष्ठ उकलू नये इतकी घट्ट खळ. म्हणजे लेखक, आरेखक आणि चित्रकार हे तिघे एकाच कागदाकडून तीन परस्परविरोधी गुणांची अपेक्षा करतात. इंग्लंडात जेम्स व्हॉटमन याच्या गिरणीत १७५० च्या दशकात जाळीच्या खुणा न दिसणारा एकसारखा कागद तयार झाला आणि पुढे नकाशे व यंत्रचित्रे काढणारांनी तो उचलून धरला. त्यास चिंध्यांचा लगदा व जिलेटिनची खळ असे. म्हणजे दोन्हीकडचे कागदी चिंध्याच कुटीत होते. फरक पडला तो साच्याने, खळीने आणि घोटण्याने.

आमच्याकडे या दुसऱ्या परंपरेची ओळख पुणे दरबारात झाली. १७९० च्या दशकाच्या प्रारंभी जेम्स वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखाली रेसिडेंट मॅलेट याने पुण्यात चित्रशाळा उघडविली. तेथील गंगाराम चिंतामण तांबट याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. वेरूळपासून कागजीपुरा दूर नाही, हा योगायोग आम्हास नेहमी चटका लावतो. लेण्यांच्या खांबांची मापे घेणारा मराठी कारागीर आणि ताव घोटणारा कागदी इतके शेजारी असताना चित्राला योग्य असा देशी कागद घडविण्याची गरज कोणास भासली नाही. चित्र साहेबासाठी होते, आणि कागद दफ्तरासाठी.

पुढे १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने देशी विद्यार्थ्यांना स्थापत्य व गणित शिकविण्यासाठी संस्था चालविली आणि पाठ्यपुस्तके मराठीत व गुजरातीत करविली. भूमितीची आकृती आणि तिच्याखाली मराठी वाक्य, हा प्रकार आमच्या भाषेत तेव्हापासूनचा. दुर्दैवाने ती संस्था दशकभरही धड टिकली नाही आणि पुढील तांत्रिक शिक्षण इंग्रजीच्या आश्रयास गेले.

तो तुटलेला धागा बडोद्याने उचलला. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली कलाभवन उघडले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे बडोदे महाविद्यालयातील रसायनाचे प्राध्यापक. जन्माने सुरतेचे, घराणे सुतारकामाचे. (पुढे मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास फासलेले डांबर ज्यांनी रसायनांच्या साहाय्याने उतरविले, ते हेच.) गज्जरांचा आग्रह असा की, रंगकाम, यंत्रकाम, वास्तुकला, सुतारी या विद्या कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेतून मिळाल्या पाहिजेत. त्यासाठी पाठ्यपुस्तके व पारिभाषिक शब्द सिद्ध करण्यास महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले होते. ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही पुस्तकमाला त्यातून निघाली. काम मुख्यतः गुजरातीत झाले, ही गोष्ट खरी. राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तीच होती, आणि त्याबद्दल मराठी वाचकाने खंत करण्याचे कारण नाही. मराठी वाचकाने लक्ष द्यावे ते निराळ्या ठिकाणी.

कलाभवनातील विद्यार्थ्याच्या वहीत काय काय येत असेल, याचा विचार करावा. रंगशाळेतील मुलगा तुरटी, हिराकस, मंजिष्ठा यांची प्रमाणे लिहिणार, आणि शेजारी रंगविलेल्या कापडाचा तुकडा चिकटविणार. यंत्रशाळेतील मुलगा चाकाच्या दात्यांची आकृती काढणार, तिला मापे घालणार, आणि दाता कोणत्या धातूचा, तो का झिजतो, हे खाली लिहिणार. वास्तूचा विद्यार्थी कमानीचा छेद काढणार. प्रत्येक ठिकाणी शब्द व आकृती यांचा संबंध एकमेकांवाचून अडणारा. आकृतीवाचून शब्द आंधळा, शब्दावाचून आकृती मुकी. ज्या दप्तरी परंपरेत आकृतीला जागा नव्हती आणि ज्या चित्रशाळेत लेखाला जागा नव्हती, त्या दोन्ही परंपरा येथे एका मुलाच्या मांडीवर एकत्र आल्या. कलाभवन विश्वामित्रीच्या अलीकडे राजमहालाच्या रस्त्यावर, आणि गज्जरांचे महाविद्यालय नदीपलीकडे सयाजीगंजाच्या बाजूस. नदीच्या दोन तीरांवर वाटलेल्या या दोन विद्या एका प्राध्यापकाच्या येण्याजाण्याने जोडल्या गेल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच १८९० साली या शाळेत त्र्यंबकेश्वरचा एक तरुण दाखल झाला : धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून तो आला होता. थोरला भाऊ बडोद्यास नोकरीस होता. कलाभवनात त्याने तैलरंग व जलरंगांची चित्रकला केली, नमुने घडविण्याचे व वास्तुकलेचे शिक्षण घेतले, आणि गज्जरांनी मोकळ्या करून दिलेल्या छायाचित्रशाळेत छायाचित्रण व ठसे करण्याच्या प्रक्रिया आत्मसात केल्या. दादासाहेब फाळके यांचे चरित्रकार कलाभवनाचे पर्व एका परिच्छेदात उरकतात. आमच्या मते चित्रकार, रसायनकार आणि यंत्रकार हे तीन निरनिराळे मनुष्य असावे लागत नाहीत, ही गोष्ट फाळके येथे शिकले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त ती कामास आली.

शब्दाच्या बाजूने बडोद्याने केलेले काम सर्वश्रुत आहे. १९०६ पासून राज्यभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय, श्रीसयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला, १९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषी राज्यव्यवहारकोश. यांचा पाढा येथे वाचीत नाही. एका प्रसंगाचे मात्र स्मरण द्यावेसे वाटते. १९०९ चे मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, त्याचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. साहित्याच्या इतिहासात हे नाव आज केवळ अध्यक्षांच्या यादीत उरले आहे. परंतु कीर्तिकर हे शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. वामनदास बसू यांच्यासमवेत त्यांनी रचलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या पुढील वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यात वर्णनांबरोबर चित्रफलकांचे खंडच्या खंड आहेत. पान, फूल, फळाचा छेद आणि त्यांचे शब्दवर्णन, हाच तो संयोग. ग्रंथ मात्र इंग्रजीत. मराठी साहित्याच्या संमेलनाचा अध्यक्ष आपले जन्माचे काम मराठीत लिहू शकला नाही, यात त्यांचा दोष नाही. वाचणारा जगभर पसरलेला होता. तरी प्रश्न राहतोच.

इतिहासाच्या क्षेत्रात उलट घडले. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्यास महाराजांच्या सेवेत आले आणि १९२५ पर्यंत तेथे राहिले. राजपुत्रांना शिकविण्यासाठी जी टिपणे त्यांनी जुळविली, त्यांतूनच रियासतींचा उगम झाला : १८९८ ची मुसलमानी रियासत, आणि १९०२ पासून मराठी रियासत. अध्यापकाच्या टिपणवहीतून मराठीतील एवढा मोठा इतिहासग्रंथ निर्माण व्हावा, हे शिक्षकवर्गाने ध्यानी घेण्याजोगे आहे. मराठीत लिहिलेले टिपण मराठी ग्रंथ होते; इंग्रजीत लिहिलेले टिपण सहसा होत नाही.

आता कागदाकडे पुन्हा वळू, कारण या कथेतील खलनायक तेथे लपला आहे. इलिग याने १८०७ मध्ये राळ व तुरटी यांची खळ प्रसिद्ध केली, आणि १८४० च्या दशकात लाकूड वाटून लगदा करण्याची युक्ती निघाली. कागद स्वस्त झाला. त्यावाचून सक्तीचे शिक्षण हे स्वप्नच राहिले असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु तुरटीची खळ कागदात आम्ल ठेवते. ते आम्ल तंतूंना आतून तोडीत जाते. पान पिवळे पडते, मग तांबूस, आणि एके दिवशी कोपरा बोटात येतो. त्यात भर शाईची. काजळाची जागा मायफळ व हिराकस यांच्या शाईने घेतली. ती कागदात मुरते, पुसता येत नाही, म्हणून सरकारी कामास पसंत पडली. तिच्यातील आम्लाने पुष्कळ ठिकाणी अक्षराच्या आकाराची भोके पाडली आहेत. अमेरिकेतील विल्यम बॅरो याने १९०० ते १९४९ मधील ५०० पुस्तकांचा कागद तपासला. त्यांपैकी ९७ टक्के पुस्तकांचे आयुष्य ५० वर्षे किंवा त्याहून कमी, असा निष्कर्ष त्याने १९५९ मध्ये मांडला. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रती तरी असतात. वहीची प्रत एकच.

परिणाम विपरीत झाला आहे. पेशवाईतील कारकुनाने चुन्याच्या पाण्यातून निघालेल्या कागदावर काजळाने लिहिलेला जमाखर्च आज स्वच्छ वाचता येतो. आणि त्याच्या पणतूने १९१० किंवा १९३० मध्ये शाळेत लिहिलेली भूमितीची वही हातात घेतली तर तिचा भुगा होतो. ज्या काळात आमच्या मुलांनी शब्द व आकृती एकत्र मांडावयास आरंभ केला, नेमका तोच काळ नष्ट होण्यास सर्वांत सोपा आहे. विनोबांचे विद्यार्थिजीवन याच बडोद्यात गेले. ते कविता लिहीत आणि मनासारखी उतरली की अग्नीस अर्पण करीत. त्यांनी जे बुद्ध्या केले ते इतरांच्या बाबतीत कागदानेच, सावकाश, कोणाची संमती न घेता केले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, कलाभवन त्याच्या तंत्रविद्याशाखेत विलीन झाले, आणि विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. ललितकला शाखेत चित्रकलेचे प्रमुख म्हणून नारायण श्रीधर बेंद्रे आले. १९६६ पर्यंत ते तेथे होते. रेखाटनवही सतत जवळ बाळगण्याची शिस्त या शाखेने विद्यार्थ्यांत रुजविली. परंतु त्या वहीत शब्द कमी; आणि तंत्रशाखेच्या वहीत शब्द आहेत ते इंग्रजी. गज्जरांनी जो संयोग कल्पिला होता त्याचे दोन तुकडे पुन्हा दोन दिशांना गेले.

एका सामान्य वस्तूत मात्र तो संयोग टिकून आहे, आणि शिक्षकांच्या ती नित्य हाताळणीतली आहे : प्रयोगवही, जिला मुले जर्नल म्हणतात. एक पान आखीव, समोरचे कोरे. उजवीकडे साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, डावीकडे आकृती. या रचनेत एक सूक्ष्म न्याय आहे. शब्द आणि आकृती समोरासमोर बसतात, कोणी कोणाच्या पोटात नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत उजवे पान मराठीत भरले जाते. जर्व्हिस आणि गज्जर यांनी जे इच्छिले ते येथे दरवर्षी हजारो मुले नकळत करतात. वर्ष संपले की त्या वह्या रद्दीवाल्याकडे जातात. आम्हास कधी कधी वाटते की, मराठीच्या पारिभाषिक शब्दांपैकी कोणते खरोखर रुळले आणि कोणते कोशातच राहिले, याचा पुरावा कोशमंडळांपेक्षा त्या रद्दीत अधिक सापडेल.

तेव्हा आज वही निवडावयाची झाल्यास काय पाहावे? दुकानदार वजनाचा आकडा सांगतो. साधी शालेय वही ५५ ते ७० ग्रॅमच्या कागदाची असते. लेखन व आरेखन दोन्ही करावयाचे तर ९० ते १०० ग्रॅम बरे, नाहीतर आकृती पाठीमागच्या पानावर भुतासारखी दिसते. परंतु वजन हा गुण नव्हे. जाड कागदही ठिसूळ असतो. पान उजेडासमोर धरावे. ढग दिसू लागले तर लगदा नीट पसरलेला नाही. एका कोपऱ्यात शाईचा थेंब ठेवावा व रेघ ओढावी. रेघेला केस फुटले तर खळ कमी. मग पेन्सिलीने रेघ काढून रबराने पुसावी आणि त्याच जागी शाईने लिहावे. ही परीक्षा सर्वांत कठोर, कारण आरेखन करणारा नेमके हेच करतो, आणि बहुतेक झिलईदार कागद येथे नापास होतात. यंत्राच्या कागदाला धागा असतो, म्हणजे तंतू एका दिशेने पडलेले असतात. पानाची एक बाजू किंचित ओली केली तर ते ज्या अक्षाभोवती वळते ती धाग्याची दिशा. ती शिवणीला समांतर असली पाहिजे, नाहीतर वही फुगते व उघडी राहत नाही. शिवण दोऱ्याची हवी. डिंकाने चिकटविलेल्या पाठीची वही दिसावयास सुबक, पण दोन पानांवर पसरलेली आकृती तिच्यात मधोमध मोडते. लाल चोपड्याचा कारागीर या बाबतीत आजच्या कारखानदाराहून शहाणा होता.

हातकागदाचा मोह पुष्कळांना होतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० मध्ये निघाली, आणि ग्रामोद्योगाच्या चळवळीने हा मरणोन्मुख धंदा जगविला, ही मोठीच गोष्ट. चिंध्यांचा हातकागद टिकतो, आणि जलरंगास तो उत्तम. मात्र बारीक टाकाला त्याचा रवा बहुधा जाचतो. त्याची वही घेणाराने घोटीव ताव मागून घ्यावा. आणि खळ तुरटीची आहे की निराळी, हे विचारण्यास संकोच करू नये. यंत्राचा कागद घ्यावयाचा तर आम्लरहित आहे काय एवढे वेष्टनावर पाहावे.

राहता राहिल्या घरोघरच्या जुन्या वह्या. बडोद्यातील मराठी घरांत कलाभवनाच्या किंवा महाविद्यालयाच्या काळातील एखादी वही माळ्यावर असेल तर तिला प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, चिकटपट्टीने जोडू नये, आणि उन्हात वाळवू नये. आकृतीची पाने प्रथम छायाचित्रित करून घ्यावी, कारण घडीवर ती आधी तुटतात. वहीच्या पानावर काही लिहिण्याऐवजी कोणाची वही, कोणते वर्ष, कोणती शाळा, एवढे एका वेगळ्या आम्लरहित चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती आत ठेवावी. बॉलपेनची निळी शाई उजेडात फिकी पडते.